चौथ्या डाउनला कोच कच का खातात?

प्रश्न असा आला: "कोलंबसला येऊन दोन वर्षं झाली. ऑफिसातल्या मंडळींबरोबर रविवारी अमेरिकन फुटबॉल बघतो. क्रिकेटवर वाढलोय, त्यामुळे नियम हळूहळू डोक्यात शिरले. पण एक कोडं सुटत नाही. पुढं जायला जेमतेम एक यार्ड हवा असतो आणि तरी कोच चेंडू लाथाडून समोरच्यांना देऊन टाकतो. सोबतची मंडळी टीव्हीवर ओरडायला लागतात. कोट्यवधी डॉलर घेणारी ही माणसं इतकी भित्री कशी?"

माझा पोटापाण्याचा धंदा विम्याच्या गणिताचा. मुलगा हायस्कूलच्या संघात खेळायचा, त्याच्यामागे मीही त्यात ओढला गेलो. तो कॉलेजला निघून गेला, मी मात्र राहिलो. ओहायोतल्या एका सरकारी शाळेच्या संघाबरोबर अकरा हंगाम काढले. दर शुक्रवारी रात्री स्टँडच्या माथ्यावरच्या खोलीत बसायचं, कानाला हेडसेट, पुढ्यात मी बनवलेला तक्ता. किती यार्ड हवेत, चेंडू कुठं आहे, घड्याळात किती वेळ उरलाय, हे बघून खाली हेड कोचला "जा" (म्हणजे यार्डांसाठी खेळा) किंवा "मारा किक" एवढंच सांगायचं. माझं निम्म्याहून जास्त वेळा ऐकलं गेलं नाही. सुरुवातीची वर्षं मीही तुमच्या मित्रांसारखाच मनातल्या मनात ओरडत होतो. आता तेवढा ओरडत नाही. का, ते सांगतो.

आधी चौथा डाउन म्हणजे काय ते आपल्या भाषेत. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय' होते. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. तिथं चढाईपटूला सुटका नाही, नियमच त्याला ढकलतो. फुटबॉलमध्ये दहा यार्डांसाठी चार प्रयत्न असतात, त्यांनाच डाउन म्हणतात. तीन फसले की चौथा तसाच जिवावरचा, तोही फसला तर चेंडू तिथंच समोरच्यांना. पण इथं कोचला पळवाट दिलेली आहे. पंट मारून, म्हणजे चेंडू लांब लाथाडून, तो प्रतिस्पर्ध्याला चाळीसेक यार्ड मागं ढकलू शकतो, किंवा खांब जवळ असतील तर फील्ड गोलचे तीन गुण घेऊन गप्प बसू शकतो. सगळी गंमत, आणि सगळी भीती, या पळवाटेत आहे.

क्रिकेटवाल्यांना पंट 'सुरक्षित' वाटतो, कारण काही गमावल्यासारखं दिसत नाही. प्रत्यक्षात पंट म्हणजे हातात गडी शिल्लक असताना डाव घोषित करणं. चेंडू गेला, तुमची पाळी संपली. मुंबईचं खडूस क्रिकेट म्हणजे विकेट फुकट द्यायची नाही. त्या न्यायानं चौथ्या डाउनला एक यार्ड हवा असताना पंट मारणारा कोच खडूस ठरत नाही. तो उलट विकेट फेकून येतोय, फक्त सभ्यपणे.

हे गणित काही कालपरवाचं नाही. सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) व्हर्जिल कार्टर यानं रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकाबरोबर 1971 साली एक शोधनिबंध लिहिला. मैदानाच्या कुठल्या टप्प्यावर चेंडू हाती असणं सरासरी किती गुणांचं आहे, ते त्यांनी मोजलं. लक्षात घ्या, खेळणाऱ्या माणसानं मोजलं. मग 2006 साली बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी 1998 ते 2000 या तीन हंगामांतल्या सामन्यांचा फक्त पहिला क्वार्टर (चारातला पहिला भाग) घेतला, कारण त्या वेळी गुणफलक आणि घड्याळ यांचा दबाव नसतो. चौथ्या डाउनला कोच सहसा जातच नाहीत, म्हणून यशाचा अंदाज तिसऱ्या डाउनच्या आकड्यांवरून बांधला. "जा" असं गणित सांगत असलेले हजाराहून अधिक प्रसंग निघाले. त्यात दर दहामागे नऊ वेळा कोचनी किक मारली होती.

त्यांचंच एक उदाहरण कागद-पेन्सिलीनं करून बघण्यासारखं आहे. चौथा डाउन, गोलरेषा दोन यार्डांवर. फील्ड गोल जवळजवळ हमखास, म्हणजे तीन गुण. टचडाउनचा (चेंडू गोलरेषेपार नेण्याचा; सहा गुण, वर किकचा एक) प्रयत्न सातातून तीनदा यशस्वी होतो असं धरा. सात वेळा किक मारली तर एकवीस गुण. सात वेळा गेलात तर तीन टचडाउन, प्रत्येकी सात, पुन्हा एकवीसच. बरोबरी झाली, मग किक का नको? कारण फसलेल्या चार वेळांचा हिशोब अजून झालेला नाही. फील्ड गोलनंतर तुम्ही किकऑफ करता, म्हणजे चेंडू लाथाडून समोरच्यांना देता, आणि प्रतिस्पर्धी ऐसपैस जागेवरून सुरुवात करतो. प्रयत्न फसला तर तो स्वतःच्या गोलरेषेला पाठ टेकून, अठ्ठ्याण्णव यार्ड पुढ्यात घेऊन सुरू करतो. बऱ्याचदा तिथून त्यालाच पंट मारावा लागतो आणि चेंडू चांगल्या जागी परत तुमच्याकडं येतो. फसण्यालाही किंमत असते, ही गोष्ट फळ्यावर कळायला पाच मिनिटं लागतात आणि साइडलाइनवर कळायला आयुष्य पुरत नाही.

आता ज्या सामन्याचं नाव काढलं की ग्रीन बेचे लोक आजही मान फिरवतात, तो बघू. 24 जानेवारी 2021, एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या एनएफसी गटाची अंतिम लढत, घरचं मैदान. ग्रीन बेचा संघ पॅकर्स टँपा बेपुढं 31-23 असा आठ गुणांनी मागं. घड्याळात दोन मिनिटांहून किंचित जास्त वेळ. चौथा डाउन, गोलरेषा आठ यार्डांवर. मैदानात पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स, जो त्या हंगामाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू ठरला. हेड कोच मॅट लाफ्लर यांनी फील्ड गोल घेतला. 31-26. समोर टँपा बेचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. चेंडू पॅकर्सना परत दिसलाच नाही.

लाफ्लर यांचा विचार अगदीच वेडगळ नव्हता, हे आधी कबूल करू. घड्याळ थांबवायचे तिन्ही टाइमआउट शिल्लक होते, दोन मिनिटं उरल्यावर येणारा सक्तीचा थांबाही बाकी होता. बचावानं एकदा रोखलं असतं तर चेंडू परत मिळाला असता. पण हिशोब मांडून बघा. आठ गुणांनी मागं असताना टचडाउन लागतो. तीन गुण घेतल्यावर पाचांनी मागं राहता आणि तरीही टचडाउनच लागतो. म्हणजे त्या तीन गुणांनी गरज कमी झाली नाही, फक्त वर दोन गुणांचं कन्व्हर्जन (टचडाउननंतर एका गुणाच्या किकऐवजी पुन्हा गोलरेषा ओलांडायचा प्रयत्न) लागणार नाही एवढीच सूट मिळाली. त्या सुटीच्या बदल्यात रॉजर्सच्या हातातला, आठ यार्डांवरचा चेंडू ब्रेडीला दिला. प्रयत्न फसला असता तर ब्रेडी आपल्या गोलरेषेजवळ अडकून सुरू करणार होता आणि रोखण्याची संधी तेव्हाही होतीच.

याच संघानं सहा वर्षांपूर्वी, जानेवारी 2015 मध्ये, सिअ‍ॅटलला हाच धडा घेतला होता. कोच तेव्हा माइक मॅकार्थी. पहिल्या क्वार्टरमध्ये दोनदा चेंडू गोलरेषेपासून यार्डभर अंतरावर, दोन्ही वेळा चौथा डाउन, दोन्ही वेळा फील्ड गोल. मध्यंतराला 16-0 अशी आघाडी होती, त्यामुळे कुणी चकार शब्द काढला नाही. सामना ओव्हरटाइमला 28-22 असा गेला. त्या पराभवाची चर्चा निघाली की लोक शेवटच्या मिनिटांत समोरच्यांनी चेंडू परत मिळवायला मारलेली आखूड (ऑनसाइड) किक हातातून सुटली, त्याबद्दल बोलतात. सुरुवातीला टेबलावर सोडून दिलेल्या आठ गुणांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच तफावतीत आहे. कोच 'हरण्याची शक्यता किती' हे मोजतो, पण त्याहून आधी 'हरलो तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल' हे मोजतो. पंट मारून हरलात तर बचाव फळी कमी पडली, खेळाडूनं चेंडू सोडला, नशीब वाईट होतं. चौथ्या डाउनला जाऊन हरलात तर एकच माणूस हरला, आणि त्याचं नाव सोमवारी सकाळी रेडिओवर.

डॅलसचे कोच बॅरी स्विट्झर यांना विचारा. डिसेंबर 1995, डॅलस विरुद्ध फिलाडेल्फिया, 17-17 अशी बरोबरी, चेंडू स्वतःच्याच 29 यार्डांवर, हवा एक यार्डाहून कमी. ते गेले, अडवले गेले. पण दोन मिनिटांचा थांबा आधीच लागू झाला होता म्हणून खेळी रद्द ठरली. स्विट्झर पुन्हा गेले, तीच खेळी, पुन्हा अडवले. सामना 20-17 असा गेला आणि देशभर त्यांची टर उडवली गेली. त्याच हंगामात त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकला, तरी लोकांच्या लक्षात ते दोन फसलेले प्रयत्नच राहिले.

न्यू इंग्लंडचे कोच बिल बेलिचिक यांचं तसंच. नोव्हेंबर 2009, इंडियानापोलिस. सहा गुणांची आघाडी, दोन मिनिटांहून किंचित जास्त वेळ, चेंडू स्वतःच्या 28 यार्डांवर, चौथा डाउन आणि दोन यार्ड. पंट मारला की चेंडू समोरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या हातात. बेलिचिक गेले. केव्हिन फॉकनं पास झेलला, पण जागा कमी पडली. मॅनिंगनं टचडाउन केला, 35-34. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. दोन यार्ड मिळाले असते तर सामना तिथंच खिशात होता, आणि लय सापडलेल्या मॅनिंगला सत्तर यार्ड असोत की तीस, फरक लोकांना वाटतो तेवढा नव्हता. पण हेही बघा की तोवर बेलिचिक यांच्या नावावर हेड कोच म्हणून तीन सुपर बोल जमा होते. त्यांची नोकरी एका रात्रीत जाणार नव्हती. पहिल्याच वर्षाचा कोच ते करू धजला असता का? विम्याच्या धंद्यात आम्ही म्हणतो, जोखीम तोच घेतो ज्याच्या गाठीला राखीव रक्कम असते.

नोकरीची भीती उगाच नाही. 1978 साली न्यू यॉर्क जायंट्स शेवटच्या सेकंदांत आघाडीवर होते, गुडघा टेकून वेळ काढला असता तरी सामना संपला असता. वरून आलेल्या आदेशानुसार क्वार्टरबॅकनं चेंडू सोबत्याच्या हातात द्यायला घेतला, तो निसटला, आणि फिलाडेल्फियाच्या हर्म एडवर्ड्सनं उचलून थेट टचडाउन केला. आक्रमणाचे प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी घरी. शेवटी गुडघा टेकायची आजची रीत त्यानंतरच सगळीकडं पक्की झाली. या पेशातल्या माणसाच्या मनावर असली गोष्ट कोरली जाते. उलट कॉलेज फुटबॉलमध्ये 1966 साली नोत्र दाम विद्यापीठाचे कोच आरा पार्सेगियन यांनी मिशिगन स्टेटविरुद्ध 10-10 अशी बरोबरी असताना शेवटी वेळ काढून सामना तसाच संपवला. टीका खूप झाली, पण त्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांनाच मिळालं. बरोबरीवर समाधान मानायला नकार देणाऱ्या नेब्रास्काच्या टॉम ऑसबोर्न यांनी 2 जानेवारी 1984 ला मायामीविरुद्ध दोन गुणांचा प्रयत्न केला, तो फसला, 31-30 असं हरले आणि विजेतेपद गेलं. ऑसबोर्न यांना लोक आजही मान देतात, हे खरं. पण करंडक पार्सेगियन यांच्याकडं गेला, हेही कोच मंडळी विसरत नाहीत.

घाबरटपणा फक्त चौथ्या डाउनला दिसतो असं समजू नका. बचावात तो अधिक महागात पडतो. 23 जानेवारी 2022, बफेलो विरुद्ध कॅन्सस सिटी. बफेलो 36-33 असं पुढं, 13 सेकंद शिल्लक. त्यांनी किकऑफ थेट एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) मारला, त्यामुळे घड्याळातला एक सेकंदही खर्ची पडला नाही. मग बचावपटू इतके मागं उभे केले की मधलं मैदान मोकळं. मोठा पास झाला नाही म्हणजे झालं, असा हिशोब. पण कॅन्ससला मोठा पास नकोच होता, त्यांना फील्ड गोलपुरतं अंतर हवं होतं. टायरीक हिलला 19 यार्ड, टाइमआउट. ट्रॅव्हिस केल्सीला 25 यार्ड, टाइमआउट. दहा सेकंदांत 44 यार्ड. मग 49 यार्डांची किक, ओव्हरटाइम, आणि 42-36. चोर खिडकीतून येत असताना दाराला तीन कुलपं लावून बसावं, तसं.

आता दुसरी बाजू, कारण मी वरच्या खोलीत बसून शहाणपण शिकवणारा माणूस आहे आणि माझेही दात घशात गेलेत.

एका शुक्रवारी आमचा चौथा डाउन, एक यार्ड, मैदानाच्या मधोमध. तक्ता डोळे मिटून "जा" म्हणत होता. कोचनी पंट मारला. मी हेडसेटवर जरा चढ्या आवाजात बोललो. ते काहीच बोलले नाहीत. सामन्यानंतर गाडीजवळ म्हणाले, "आमच्या सेंटरचा अंगठा दुसऱ्या क्वार्टरपासून सुजलाय. आधीचे दोन स्नॅप जमिनीवर घासत आले. वरून दिसलं नसेल." सेंटर म्हणजे खेळी सुरू करताना चेंडू मागं क्वार्टरबॅककडं देणारा, ते देणं म्हणजे स्नॅप. मला खरंच दिसलं नव्हतं. माझा तक्ता सरासरी संघाचा, सरासरी सेंटरचा होता. खाली त्या रात्री खेळत होता तो सुजलेल्या अंगठ्याचा सोळा वर्षांचा मुलगा.

दुसऱ्या एका वेळी मात्र असलं काही कारण नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. म्हणाले, "तुझ्या तक्त्याला शनिवारी सकाळी किराणा आणायला जावं लागत नाही. मला लागतं, आणि तिथं प्रत्येक रांगेत कुणाचा तरी बाप उभा असतो." वर्षाला जेमतेम काही हजार डॉलर मानधन घेणाऱ्या शाळेतल्या शिक्षकाची ही गत, तर एनएफएलमध्ये काय होत असेल?

म्हणून माझं मत असं की 'भित्रा' हा शब्द चुकीचा आहे. ही माणसं आपल्या जागेवरून चोख हिशोब करतात. फक्त तो हिशोब संघाच्या विजयाचा नसतो. त्यात आपणही भागीदार आहोत, टीव्हीपुढं ओरडणारे. जानेवारी 2024 मध्ये डेट्रॉइटचे डॅन कॅम्पबेल सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध दोनदा फील्ड गोल सोडून चौथ्या डाउनला गेले. पहिल्या वेळी 24-10 अशी आघाडी होती आणि पास जॉश रेनॉल्ड्सच्या हातात येऊन सुटला. दुसराही फसला. सामना 34-31 असा गेला. जे लोक लाफ्लरना भित्रा म्हणत होते, त्यातलेच कित्येक कॅम्पबेलना जुगारी म्हणाले. चेंडू झेलला गेला असता तर तोच निर्णय धाडसी ठरला असता. निर्णय कोचचा असतो, झेल कोचच्या हातात नसतो, आणि निकालावरून निर्णय तोलायची आपली खोड काही जात नाही.

फिलाडेल्फियाचे डग पीडरसन याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बसले. फेब्रुवारी 2018 च्या सुपर बोलमध्ये पहिल्या हाफच्या शेवटी, चौथ्या डाउनला एक यार्डावरून त्यांनी चेंडू क्वार्टरबॅक निक फोल्सकडंच पास करायची खेळी लावली. टचडाउन. शेवटच्या क्वार्टरमध्ये एका गुणानं मागं असताना, स्वतःच्या अर्ध्यात, पुन्हा चौथ्या डाउनला गेले आणि वाचले. 41-33. त्या दोघांचा साइडलाइनवर बोलतानाचा पुतळा स्टेडियमबाहेर उभा राहिला. चौथ्या डाउनच्या चर्चेचा पुतळा, कल्पना करा! तीन वर्षांत पीडरसन यांची नोकरी गेली, पुतळा तिथंच होता.

त्या विजयानंतर हवा बदलली, हे मात्र मान्य करायला हवं. आज जवळपास प्रत्येक संघाकडं गणित करणारी माणसं आहेत आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा कोच कितीतरी अधिक वेळा जातात. तरी सप्टेंबर 2022 मध्ये डेन्व्हरचे नवे कोच नेथनियल हॅकेट यांनी सिअ‍ॅटलला, चौथा डाउन आणि पाच यार्ड असताना, घड्याळ चालू दिलं आणि क्वार्टरबॅक रसेल विल्सनला बाजूला उभं करून 64 यार्डांची किक मारायला लावली. हुकली, 17-16. नंतर त्यांनीच जायला हवं होतं असं कबूल केलं, आणि काही दिवसांत संघानं निर्णयांसाठी एक ज्येष्ठ सल्लागार नेमला. हंगाम संपायच्या आतच हॅकेट घरी गेले.

एक छोटं कोडं देतो, तुमच्या मित्रांवर टाकून बघा. संघ चौदा गुणांनी मागं आहे आणि शेवटच्या मिनिटांत टचडाउन करतो. आता आठांनी मागं. एक गुणाची किक मारायची की दोन गुणांसाठी जायचं? बहुतेक जण किक म्हणतील, कारण 'मग पुढच्या टचडाउननं बरोबरी होईल'. समजा दोन गुणांचा प्रयत्न निम्म्या वेळा जमतो, एक गुणाची किक चुकत नाही, आणि पुढचा टचडाउन मिळणारच आहे. दोन्ही वेळा किक मारली तर शंभरही सामने ओव्हरटाइमला जातात, त्यातले पन्नास जिंकाल. पहिल्यांदाच दोनासाठी गेलात तर पन्नास वेळा जमेल, आणि तेव्हा पुढच्या टचडाउननंतर साध्या किकनं सरळ जिंकाल. उरलेल्या पन्नासांत दुसऱ्या टचडाउननंतर पुन्हा दोनासाठी जाता येतं. पंचवीस वेळा जमून ओव्हरटाइम, त्यातले बारा-तेरा तुमचे. एकूण बासष्ट-त्रेसष्ट. दोन गुणांचा नियम एनएफएलमध्ये 1994 साली आला, आणि हे साधं गणित कोच मंडळींच्या पचनी पडायला वीसेक वर्षं लागली. कारण उरलेल्या पंचवीस सामन्यांत तुम्ही ओव्हरटाइमही न बघता हरता, आणि कारण म्हणून तुमच्याकडंच बोट दाखवलं जातं.

शेवटी, कोच खरोखर कच खातोय की त्याच्याकडं आतली माहिती आहे, हे ओळखायची माझी एक खूण. चौथा डाउन बघूच नका, तिसरा बघा. तिसरा डाउन, सात यार्ड हवेत, आणि कोच चार यार्डांची साधी धाव खेळवतो, लगेच हडल (घोळक्यातली मसलत) न करता चौथ्यासाठी संघ रांगेत उभा राहतो. म्हणजे यानं दोन प्रयत्नांचा हिशोब आधीच केलाय. उलट तिसऱ्याला लांबचा पास, तो फसला, मग साइडलाइनवर तोंडापुढं कागद धरून कुजबूज, घड्याळ पळतंय, आणि शेवटी टाइमआउट घेऊन पंट, तर समजा की निर्णय कुणी घेतलेलाच नव्हता. लाफ्लर यांच्या त्या शेवटच्या चढाईत रॉजर्सनं आठ यार्डांवरून तीन पास टाकले, तिन्ही पडले, एकदाही धाव नाही. चौथ्यालाही जायचं ठरलेलं असतं, तर तिसऱ्याला चार यार्ड घेऊन चौथ्याला चारांसाठी जाता आलं असतं. तुमचे मित्र ओरडले असतील चौथ्याला. मी त्या रात्री तिसऱ्यालाच सोफ्यावरून उठलो होतो.